कलम दोन, खंड ञ

जिल्हाधिकारी कचेरीच्या फाटकाबाहेर, सीबीएसच्या अंगाला,
चिंचेखाली माझं टेबल.
पान चाळीस रुपये, झेरॉक्स वेगळी.
प्रतिज्ञापत्रं, वारसनोंदी, हरवलेल्या गुणपत्रिका.
यंदा फाल्गुनात मात्र सगळे एकाच कागदावर बोलायला आले:
विधेयकाचा मसुदा,
हरकती व सूचना तीस दिवसांच्या आत.

एकेचाळीस कलमं.
गिऱ्हाईक नसलेल्या दुपारी मी वाचून काढली.
पुढच्या कलमांत दंड, समित्या, समित्यांचे भत्ते.
खरी गोम दुसऱ्यात, व्याख्यांच्या गर्दीत,
खंड ञ:
'नदी' म्हणजे बारमाही वाहणारा नैसर्गिक प्रवाह.
आणि खाली खंड ट:
'नाला' म्हणजे नदी नसलेला कोणताही प्रवाह.

ञ पासून सुरू होणारा शब्द मराठीत नाही,
म्हणून बहुधा तिथे कुणाची नजर थांबत नाही.

मग आमच्या नासर्डीचं काय?
माघ सरता सरता ती दगडांआड जाते.
नदी ठरली तर दोन्ही काठ मोकळे.
नाला ठरला तर वरून स्लॅब, स्लॅबवर पार्किंग,
पार्किंगच्या निविदेचा नमुना
परिशिष्ट ब म्हणून आधीच जोडलेला.

कोंडाजी बेंडकुळे, खेकडे धरणारे, उभ्यानेच म्हणाले,
"लिहा बाई, ती उन्हाळ्यात निजते.
निजलेल्याला कोणी तिरडी बांधतं का?"
मी टंकलं: सदर प्रवाह हंगामी असला तरी
त्याचे अस्तित्व अबाधित आहे.

शहनाज कोकणी म्हणाल्या,
"पुराच्या साली हिनं माझं लग्नातलं कपाट नेलं.
नाला कपाट नेतो का?"
मी टंकलं: पूररेषेचा विचार व्हावा.
कपाट वगळलं. रकान्यात बसेना.
त्यांनी कागद उलटसुलट केला, विचारलं,
"माझं कुठंय यात?"
मी अंगठ्याची जागा दाखवली.
त्या म्हणाल्या, "मला सही येते."

गायधनी गुरुजींची मात्र सूचना होती, हरकत नव्हती.
स्लॅब लवकर टाका,
गंगेवर गाडी लावायला जागा उरली नाही.
त्यांचेही चाळीस घेतले.
पानाचा दर मताप्रमाणे बदलत नाही.

एकशे सात कागद आवक खिडकीत गेले.
प्रत्येकावर जांभळा शिक्का, काहींवर तिरका.

भाद्रपदात सुधारित मसुदा आला.
खंड ञ मध्ये सात शब्द वाढले होते:
बारमाही वाहणारा,
किंवा शासनाच्या मते बारमाही वाहतो असे समजला जाणारा.
कोंडाजींनी विचारलं, "म्हणजे नदी का नाही?"
मी म्हटलं, "समजलं तर."
"कुणाला?"
मी कागद सारखे करत राहिले.
पंधरा दिवस होते पुन्हा.

मग एकदा घरी जाताना पुलावर थांबले, फक्त थांबले.
यंदा पाऊस भाद्रपदातच आटोपलेला,
खाली खडक उघडे, मधोमध हिरवट डबकं,
काठावरच्या कॉलनीतली पोरं क्रिकेट खेळत होती.
एकानं उंच टोला हाणला,
सगळी एकदम ओरडली,
"बॉल नदीत गेला!"

दुसऱ्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा,
हरकतदाराच्या नावापुढे मी स्वतःचं नाव टंकलं:
सुलभा त्र्यंबक मोजाड.
हरकतीचा तपशील: बॉल नदीत गेला.
भाषा सुधारली नाही.

खिडकीतल्या कारकुनानं दोनदा वाचलं.
"सोबत पुरावा जोडलाय का?"
म्हटलं, बॉल सापडला नाही अजून.
त्यानं शिक्का उचलला,
शाईच्या गादीवर दाबला,
आणि मागच्या टेबलावरच्या साहेबांकडे बघत
तसाच धरून ठेवला.